युकुलेले बांधायला शिकवताना शिक्षकाने आधी किती काम करून ठेवावे?

गुण्या | ६ ऑक्टोबर २०२४

नमस्कार. मी एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने घडवणाऱ्या विभागात, तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. गेली सहा वर्षे कर्वेनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये मी युकुलेले, म्हणजे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य, बांधतो आहे. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सहा जणांचा पहिला वर्ग घेतला. आठ रविवार, दर वेळी चार तास, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतः बांधलेले वाद्य घरी न्यायचे, अशी आखणी होती. सहांपैकी कोणीही पूर्वी करवत किंवा रंधा हातात धरलेला नव्हता.

चौघांची वाद्ये पूर्ण झाली, दोघांची झाली नाहीत, आणि ती दोन वाद्ये अजून माझ्या फळीवर आहेत. दुसऱ्या रविवारी बाजूच्या पट्ट्या तापलेल्या नळीवर वाकवायच्या होत्या. एका ताईंची पट्टी वाद्याच्या कमरेच्या वळणावर दोनदा तुटली, तेव्हा तिसरी मी स्वतः वाकवून दिली. त्यांनी मनापासून आभार मानले, पण पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत आणि नंतरही आल्या नाहीत. दुसऱ्या एका गृहस्थांनी दांडीवर पडद्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या, खाचा कापताना प्रत्येक खाच मागच्या खाचेपासून मोजली. छोट्या छोट्या चुका साचत गेल्या आणि बारावा पडदा जवळजवळ तीन मिलीमीटर पुढे गेला. ते समजल्यावर त्यांचा धीर सुटला.

आता दिवाळीनंतर दुसरा वर्ग घ्यायचा आहे. माझ्यापुढचा प्रश्न असा आहे की, नवख्या माणसाच्या वर्गात शिक्षकाने आधी किती काम तयार ठेवावे? बाजू वाकवून, खाचा कापून, दांडी घडवून दिली तर वाद्य नक्की पूर्ण होईल, पण मग त्या माणसाने काय बांधले असे म्हणायचे? आणि सगळेच त्याच्या हातावर सोडले तर सहातले दोघे अर्ध्यात थांबतात, हे मी पाहिले आहे. ज्यांनी असे काही शिकवले आहे किंवा शिकले आहे, त्यांनी अनुभव सांगावेत.

सहज | ६ ऑक्टोबर २०२४

वाचतो आहे. मला शिकवता येत नाही, पण शिकायचे आहे, म्हणून उत्तरांची वाट पाहीन.

पटाशी | ६ ऑक्टोबर २०२४

मी शाळेत कार्यानुभव हा विषय बावीस वर्षे शिकवला. माझा अनुभव स्पष्ट आहे. पहिल्या वस्तूच्या वेळी शिकणाऱ्याला यश मिळालेच पाहिजे. सातवीतल्या मुलाने पहिल्यांदा केलेली चौकट वाकडी झाली तर ती तो घरी दाखवत नाही, आणि जी वस्तू घरी दाखवली जात नाही तिच्यापुढे दुसरी वस्तू होत नाही. म्हणून तुम्ही बाजू वाकवून द्याव्यात, खाचा कापून द्याव्यात, दांडीही ओबडधोबड आकारात आणून द्यावी. त्यांनी चिकटवणे, घासणे, पडदे ठोकणे, पॉलिश करणे आणि तारा चढवणे एवढे केले तरी आठ रविवार भरून उरतात. दुसरे वाद्य बांधायला आले की मग नळीजवळ उभे करावे.

मिरजेची_तार | ७ ऑक्टोबर २०२४

माझे आजोळ मिरजेचे. सतारी आणि तंबोरे बांधणाऱ्या घरांच्या शेजारी मी वाढलो, त्यामुळे थोडे वेगळे मांडतो. तिथे शिकाऊ मुलगा पहिली काही वर्षे तबलीला हातही लावत नसे. खुंट्या घासणे, भोपळा आतून खरवडून साफ करणे, लाकूड उन्हातून सावलीत हलवणे, अशी कामे करता करता त्याच्या हाताला लाकूड कळू लागे. तुमच्या वर्गात तेवढा वेळ नाही हे मला मान्य आहे. पण बाजू वाकवणे हेच युकुलेलेतले असे एक काम आहे, की ज्यात लाकूड आता मऊ झाले, आता वळेल, आता थांब, हे बोटांना थेट समजते. तेच काढून घेतले तर उरते ती जुळणी. पटाशी यांच्या यादीतले प्रत्येक काम पुठ्ठ्यावरही करता येईल.

एक सूचना आणखी. शिकवताना आपले शब्द वापरावेत. वरच्या फळीला तबली, फ्रेटला पडदा, ब्रिजला घोडी आणि नेकला दांडी म्हटले की ज्याने घरी तंबोरा पाहिला आहे त्याला वाद्याचा नकाशा लगेच कळतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही भाषा अजून कामाची भाषा आहे, ती वर्गात ऐकू यावी असे मला मनापासून वाटते.

सागवानी | ७ ऑक्टोबर २०२४

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आमचे दोन पिढ्यांचे दुकान आहे, त्यामुळे मी लाकडाच्या बाजूने बोलतो. गुण्या, त्या ताईंची पट्टी दोनदा एकाच जागी तुटली असेल तर दोष हाताचा नसून पट्टीचा असण्याची शक्यता अधिक आहे. पट्टीच्या कडेकडून पाहा. तिथल्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जात असतील तर ती वळते. त्या तिरप्या होऊन कडेबाहेर पडत असतील तर कमरेच्या उलट्या वळणावर त्याच तिरप्या रेषेतून ती सुटते, मग वाकवणारा कितीही कसलेला असो. आमच्याकडे फळी घेताना गिऱ्हाईक रंग आणि फुलोरा पाहते. वाकवायच्या पट्टीसाठी याच्या अगदी उलट, दिसायला साधी, खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली फळी मागावी. जाडी किती ठेवली होती?

गुण्या | ७ ऑक्टोबर २०२४

जाडी २.३ ते २.५ मिलीमीटर होती, महोगनी होती, आणि तिच्यावर सुरेख लाटा होत्या. त्या लाटांसाठीच मी ती निवडली होती. सागवानी, तुम्ही सांगितल्यावर आत्ता तुटलेला तुकडा कपाटातून काढून पाहिला. रेषा तिरप्या आहेत. त्या ताईंना मी आज फोन करणार आहे.

सागवानी | ७ ऑक्टोबर २०२४

अवश्य करा. जाडी १.८ ते २ मिलीमीटरपर्यंत खाली आणा. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला पातळ पत्र्याची पट्टी धरून दोन्ही एकत्र वाकवली तर ताण पत्रा घेतो आणि तंतू फाटत नाहीत. नळी पुरेशी तापली की नाही हे पाहायला पाण्याचा थेंब टाकावा. तो पसरून नुसता वाफ झाला तर अजून थांबावे, आणि थेंब गोळा होऊन नळीवर नाचू लागला की काम सुरू करावे. लाकूड पाण्याने नव्हे, उष्णतेने वळते. पाणी फक्त उष्णता आत पोचवायला आणि लाकूड करपू नये म्हणून लागते. पट्ट्या तासन्‌तास भिजवून ठेवू नयेत.

लाकडाबद्दल एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. हवाईमध्ये युकुलेले ज्या कोआ लाकडाचे बांधतात ते अकेशिया कुळातले झाड आहे. कोकणात आणि रस्त्यांच्या कडेने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही अकेशियाच आहे, म्हणजे कोआची सख्खी नातलग. ती सरपणाला आणि खोक्यांना जाते. चांगला सरळ आणि नीट वाळलेला ओंडका मिळाला तर एक वाद्य त्याचे करून पाहण्यासारखे आहे.

सहज | ८ ऑक्टोबर २०२४

हवाईचा विषय निघालाच आहे तर विचारतो. हे वाद्य मुळात तिथलेच का?

मिरजेची_तार | ८ ऑक्टोबर २०२४

नाही. ते पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून गेले. ऑगस्ट १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज उसाच्या मळ्यांवर काम करायला निघालेल्या मदेराच्या कुटुंबांना घेऊन होनोलुलूला पोचले. त्यात मानुएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे होते. मदेरातल्या माशेत या छोट्या चार तारांच्या वाद्यावरून त्यांनी तिथल्या कोआ लाकडात युकुलेले घडवले. राजा कालाकाउआने ते दरबारी कार्यक्रमांत आणले आणि ते तिथलेच होऊन गेले. उकू म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणे. तारांवरून उड्या मारणाऱ्या बोटांमुळे हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे सांगतात. राणी लिलिउओकलानी मात्र त्याचा अर्थ ‘इथे आलेली भेट’ असा लावत असे.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ते तिघेही मुळात लाकडी सामान घडवणारे सुतार होते. म्हणजे हे वाद्य पहिल्यापासूनच कपाट करणाऱ्या हातांना जमेल अशा बांधणीचे आहे. गुण्या यांनी नवख्यांसाठी ते निवडले हे अगदी योग्य आहे.

दमट_हवा | ९ ऑक्टोबर २०२४

मी इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करतो आणि हौसेने गिटार दुरुस्त करतो. मूळ प्रश्नात एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, ती विचारतो. जुलै-ऑगस्टमध्ये बांधलेल्या त्या चार वाद्यांची एप्रिल-मेमध्ये काय अवस्था झाली?

गुण्या | ९ ऑक्टोबर २०२४

दोघांच्या तबलीला एप्रिलमध्ये घोडीच्या खालून शेपटापर्यंत बारीक चीर गेली. मी चिरेत गोंद भरून आतून छोट्या चकत्या लावून दिल्या. उन्हात गाडीत राहिले असेल, असे मला वाटले होते.

दमट_हवा | ९ ऑक्टोबर २०२४

गाडी हे कारण असू शकते, पण मला महिना जास्त संशयास्पद वाटतो. लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. तबलीखाली ब्रेसिंगच्या, म्हणजे आधाराच्या, पट्ट्या तुम्ही तबलीच्या रेषांना आडव्या चिकटवता. म्हणजे हलणाऱ्या लाकडाला न हलणारे लाकूड कायमचे बांधता. पुण्यात ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते आणि एप्रिलच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. महोगनीचा ढोबळ हिशोब असा की, लाकडातले पाणी एक टक्क्याने उतरले की रुंदी साधारण ०.१५ ते ०.२ टक्के कमी होते. पावसाळा ते उन्हाळा हा फरक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वीस सेंटीमीटर रुंद तबलीला तीन ते चार मिलीमीटर आकसायचे असते आणि पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग ती चिरते.

उलट, कोरड्या हवेत, म्हणजे आर्द्रता ४० ते ५० टक्के असताना पट्ट्या चिकटवल्या, तर पावसाळ्यात तबली फुगून थोडी वर येते. त्याने तारा जराशा उंच होतात, पण चीर पडत नाही. म्हणून माझी विनंती आहे की, वर्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात ठेवा आणि गॅरेजमध्ये शंभर-दोनशे रुपयांचा का होईना, एक आर्द्रतामापक टांगा. पावसाळ्यात वर्ग घ्यायचाच असेल तर तबली आणि पाठ आधीच हिवाळ्यात ब्रेसिंग करून, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद करून ठेवावी. काय आधी करून ठेवायचे, या तुमच्या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर एवढेच आहे. जे काम ऋतूवर अवलंबून आहे ते शिक्षकाच्या हातात असावे.

चिमटा | ९ ऑक्टोबर २०२४

छोटी माहिती. तबली आणि पाठ चिकटायला जागा देणाऱ्या आतल्या खाचांच्या पट्ट्या बाजूंना चिकटवताना महागडे क्लॅम्प लागत नाहीत. तुळशीबागेतून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणावेत आणि प्रत्येकावर रबरबँडचे दोन वेढे द्यावेत, म्हणजे पकड वाढते. एका वाद्याला चाळीस-पन्नास चिमटे लागतात. पाठ चिकटवताना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून साचा चोहीकडून बांधावा, दाब सगळीकडे सारखा पडतो.

पहिलाच_प्रयत्न | १० ऑक्टोबर २०२४

मी शिकणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझी बाजू सांगतो. चार वर्षांपूर्वी मी परदेशातून तयार सुट्या भागांचा संच मागवून एक युकुलेले जुळवले. बाजू वाकवलेल्या होत्या, खाचा कापलेल्या होत्या. तीन आठवड्यांत ते वाजू लागले आणि छान वाजते. पण कोणी ‘तुम्ही बांधलंत?’ असे विचारले की मी प्रत्येक वेळी ‘जुळवलं’ असे सांगतो. पटाशी सर, तुमच्या मुलाने वाकडी चौकट घरी दाखवली नाही हे खरे आहे, पण मी सरळ वाद्य घरात ठेवून ते माझे आहे असे म्हणू शकलो नाही.

नंतर मी एकट्याने नळीवर पट्ट्या वाकवायला शिकलो. पहिल्या पाच तुटल्या. त्या पाच तुकड्यांना मी फेकले नाही. मला त्रास तुटण्याचा झाला नाही, कारण त्या सरावाच्या पट्ट्या आहेत हे मला माहीत होते. गुण्या काकांच्या वर्गातल्या ताईंच्या हातात पहिल्याच प्रयत्नात त्यांच्या वाद्याची खरी पट्टी होती. फरक तिथे असावा.

पटाशी | १० ऑक्टोबर २०२४

पहिलाच प्रयत्न, तुमचे म्हणणे मला पटते, विशेषतः सरावाच्या पट्टीबद्दल. लेथवर पहिल्या दिवशी आम्हीही रद्दी लाकूडच देत असू. सरावाचे लाकूड वेगळे आणि वस्तूचे लाकूड वेगळे, हा नियम मी माझ्या पहिल्या उत्तरात विसरलो. बाजू वाकवू द्याव्यात, हे मी आता मान्य करतो. पडद्यांच्या खाचांबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. तीन मिलीमीटर चुकलेल्या पडद्यातून माणूस काय शिकतो?

मिरजेची_तार | १० ऑक्टोबर २०२४

कान शिकतो. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, तो सरकवून स्वर कुठे बसतो हे शोधता येते, आणि स्वर जरा इकडचा तिकडे झाला की काय होते ते त्यातूनच कळते.

ध_नि_सा | ११ ऑक्टोबर २०२४

इथे मला थोडे बोलावेसे वाटते, मी गाणे शिकवते. सतारीचा पडदा हलतो, युकुलेलेचा हलत नाही, आणि म्हणूनच तो पहिल्यांदा बरोबर बसला पाहिजे. हे वाद्य समविभागी, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या, स्वरांवर बांधलेले आहे. त्यातला गंधार आपल्या तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाने, चढा असतो. तेवढा फरक कान सवयीने स्वीकारतो. त्यात सुताराच्या चुकीचे आणखी दहा सेंट मिळाले तर मात्र मुलाला चुकीचा स्वरच बरोबर वाटू लागतो. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या वाद्याबद्दल मी यात अजिबात सवलत देणार नाही.

एक सुंदर गोष्टही सांगते. युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा मिळवतात. सी हा षड्ज धरला तर त्या प, सा, ग, ध होतात, आणि चारही एकाच सप्तकात असतात. म्हणजे भूपाचे पाचपैकी चार स्वर एकही पडदा न दाबता हजर असतात. राहिला रिषभ, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर मिळतो. तुमच्या वर्गात तारा चढवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण भूपाचा आरोह वाजवू शकेल. शेवटच्या रविवारी हे जरूर करून घ्या.

सागवानी | ११ ऑक्टोबर २०२४

ध_नि_सा ताई, हे माहीत नव्हते. घरी मुलीचे युकुलेले काढून लगेच वाजवून पाहिले. खरेच भूप आहे.

दमट_हवा | ११ ऑक्टोबर २०२४

चूक किती महाग पडते ते मोजता येते. कॉन्सर्ट आकाराच्या वाद्याची तारेची लांबी ३८० मिलीमीटर धरू. लांबीला १७.८१७ ने भागले की मेरूपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, पहिला पडदा मिळतो, २१.३ मिलीमीटर. पुढे दुसरा ४१.५, तिसरा ६०.५, पाचवा ९५.३, सातवा १२६.४ आणि बारावा बरोबर १९०. सगळी अंतरे मेरूपासून मोजायची, म्हणजे चुका साचत नाहीत. पहिल्या पडद्यावर अर्धा मिलीमीटर चुकले तर अडीच सेंटही फरक पडत नाही, बाराव्यावर तीच चूक साडेचार सेंटची होते. आणि घोडी दोन मिलीमीटर अलीकडे चिकटवली तर बारावा पडदा सुमारे नऊ सेंट चढा लागतो. तार दाबताना ताणली जाते म्हणून घोडी हिशोबाच्या लांबीपेक्षा आणखी दोनेक मिलीमीटर मागेच ठेवावी लागते. थोडक्यात, घोडीची जागा ही खाचांइतकीच नाजूक आहे आणि तिच्याबद्दल इथे कोणी बोललेलेच नाही.

श्वास | १२ ऑक्टोबर २०२४

मी डॉक्टर आहे. शिसमाच्या भुश्याने काही लोकांना त्वचेची आणि श्वासाची तीव्र ॲलर्जी होते, आणि ती पहिल्या दिवशी न होता काही दिवसांच्या संपर्कानंतरही उद्भवू शकते. पडद्यांच्या पट्टीसाठी शिसम वापरत असाल तर घासताना सर्वांना एन ९५ मास्क सक्तीचा ठेवा आणि भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गुण्या | १३ ऑक्टोबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर ही उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली आणि माझ्या मनात एक कसोटी तयार झाली, ती मांडतो. काम अवघड आहे की सोपे, यावरून ते कोणी करायचे हे मी आजवर ठरवत होतो. ती कसोटी चुकीची होती. काम बिघडले तर हाताला काही कळते का, आणि बिघडलेले सुधारता येते का, हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

बाजू वाकवताना पट्टी तुटली तर हाताला पुष्कळ कळते, आणि दुसरी पट्टी घेता येते. म्हणून ते शिकणाऱ्याने करावे, आधी प्रत्येकी तीन सरावाच्या पट्ट्या वाकवून. दांडी घडवणे दिसायला धोक्याचे वाटते, पण कानसीने आणि पटाशीने ती इतकी हळूहळू उतरते की बिघडायला वेळच मिळत नाही, आणि शेवटी हातात धरल्यावर सगळ्यांत जास्त आपली वाटते ती दांडीच. ती पूर्णपणे त्यांची. खाचांमध्ये मोजणे चुकले तर हाताला काहीच कळत नाही, फक्त वाद्य जाते. म्हणून मोजण्याचे काम मी पितळी पट्टीच्या साच्यात बांधून देईन, करवत मात्र तेच चालवतील. मिरजेची तार यांच्या मुद्द्यासाठी एक तार लावलेली साधी फळी ठेवीन, तिच्यावर दोऱ्याने बांधलेला पडदा सरकवून स्वर कुठे बसतो ते प्रत्येकाने शोधायचे. ब्रेसिंग मी नोव्हेंबरच्या शेवटी, हवा पाहून, त्यांच्याबरोबर करीन. घोडीची जागा प्रत्येकाची मी स्वतः पुन्हा मोजीन.

त्या ताईंना फोन केला. पट्टीच्या रेषा तिरप्या होत्या, चूक माझ्या निवडीची होती, हे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की त्यांना वाटले होते की त्यांच्या हातात ताकदच नाही.

पहिलाच_प्रयत्न | १३ ऑक्टोबर २०२४

काका, एक जागा शिल्लक असेल तर माझे नाव घालावे. यावेळी बांधायचे आहे.

पटाशी | १४ ऑक्टोबर २०२४

गुण्या, तुमची कसोटी मी शाळेत असताना मला हवी होती. एक भर घालतो. दुसऱ्याच्या कामाशी तुलना टाळायची असेल तर सर्वांना एकाच वेळी एकाच कामावर ठेवू नका. नळी एक असेल तर दोघे नळीवर, दोघे दांडीवर आणि दोघे साच्यात, असे फिरते ठेवा. रांगेत उभे राहून दुसऱ्याची पट्टी तुटताना पाहणे नवख्याला जड जाते.

सागवानी | १४ ऑक्टोबर २०२४

दांडीसाठी जुन्या वाड्यांचे सागवान हवे असेल तर मला सांगा, पाडलेल्या वाड्यांच्या तुळया अजून बाजारात येतात. पन्नास-साठ वर्षे वाळलेले ते लाकूड फारसे हलत नाही. दोन गोष्टी सांभाळाव्यात. कापण्याआधी चुंबक फिरवून आतले खिळे शोधावेत. आणि सागात तेल असते, म्हणून सांधा ताजा रंधून त्याच तासात चिकटवावा, आदल्या दिवशी रंधलेला पृष्ठभाग गोंद नीट धरत नाही.

गुण्या | १६ फेब्रुवारी २०२५

वर्ग गेल्या रविवारी संपला, म्हणून कळवतो. या वेळीही सहा जण होते आणि सहाही वाद्ये तयार झाली, त्यांतले एक पहिल्या वर्गात अर्धे राहिलेले. त्या ताई परत आल्या आणि मी वाकवलेली बाजू बाजूला ठेवून त्यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांची सरावाची दुसरी पट्टी तुटली, तिसरी वळली, आणि वाद्याच्या दोन्ही बाजू पहिल्याच प्रयत्नात वळल्या. एकूण अठरा सरावाच्या पट्ट्यांपैकी अकरा तुटल्या, खऱ्या बारांपैकी एक. एका आजोबांचे हात थरथरतात, त्यांनी मला पट्टी वाकवून द्यायला सांगितले. मी एक टोक धरले आणि दुसरे त्यांनी. हे कसोटीत बसते की नाही याचा मी फार विचार केला नाही.

शेवटच्या दिवशी सहाही जणांनी भूप वाजवला. नव्या तारा सारख्या उतरत होत्या, त्यामुळे दर मिनिटाला थांबून पुन्हा मिळवाव्या लागत होत्या.

एक अडचण मात्र तिघांच्या वाद्यांत आली. तारा बाराव्या पडद्यावर साडेतीन मिलीमीटर उंच आहेत आणि बोटे दुखतात. घोडीवरचे, तारा ज्यावर टेकतात ते हाड अजून किती घासावे आणि पुढच्या वेळी हे आधीच कसे टाळावे?

दमट_हवा | १६ फेब्रुवारी २०२५

बाराव्यावर एक मिलीमीटर उतरवायचा असेल तर घोडीवर दोन मिलीमीटर उतरवावे लागतात, कारण बारावा पडदा बरोबर मध्यावर आहे. अडीच मिलीमीटर हे चांगले लक्ष्य आहे. हाड दोन मिलीमीटर घासल्यावरही ते घोडीच्या वर किमान दोन-अडीच मिलीमीटर उरत असेल तर निर्धास्त घासा. त्याहून कमी उरत असेल तर थांबा आणि घोडीच पातळ करावी लागेल, अन्यथा तारेचा घोडीवर दाब राहत नाही आणि आवाज बसतो.

पुढच्या वेळी दांडी चिकटवण्याआधी पडद्यांवर एक सरळ पट्टी ठेवून ती घोडीच्या जागेपर्यंत न्यावी. पट्टीची खालची कड घोडीच्या लाकडाच्या वरच्या पातळीला टेकली पाहिजे. ती त्याखाली गेली, तर दांडी पुढे झुकली आहे. दांडीच्या सांध्याची टाच कागदाच्या जाडीने घासूनही पुष्कळ फरक पडतो.

गुण्या | १७ फेब्रुवारी २०२५

आज सकाळी तिघांपैकी दोघांची हाडे मोजली. एकात घासून तीन मिलीमीटर उरतात, दुसऱ्यात जेमतेम दीड. दुसरे वाद्य पहिलाच प्रयत्न यांचे आहे. त्यांना गुरुवारी संध्याकाळी गॅरेजवर बोलावले आहे, घोडी तेच पातळ करणार आहेत.